पंचवीस सांगितलं, बावन्न लिहिलं

मुलीला घरीच शिकवायचं ठरलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी साताऱ्यातल्या पोवई नाक्यावरून फळा विकत आणला. तीन फूट बाय चार फूट, हिरवा, खाली डस्टर ठेवायला पट्टी असलेला. सोबत रंगीत खडूंची पेटी. आठ ते एकचं वेळापत्रक आखून भिंतीवर चिकटवलं. मराठी, गणित, मधली सुट्टी, परिसर अभ्यास, इंग्रजी. नऊ वर्षं मी एका माध्यमिक शाळेत आठवी ते दहावीला गणित शिकवत होते. वर्ग कसा घ्यायचा ते मला येत होतं, आणि येत होतं तेच मी घरात मांडलं.

ही २०१५ च्या दिवाळीनंतरची गोष्ट. मुलगी तिसरीत होती, आठ वर्षांची. जूनपासून रोज सकाळी तिच्या पोटात दुखायचं. रविवारी दुखायचं नाही, सणावारी दुखायचं नाही. दोन डॉक्टर झाले, सोनोग्राफी झाली, काही निघालं नाही. शाळेत तिला कोणी मारत नव्हतं. पण चुकलं की उत्तर येईपर्यंत उभं राहायचं अशी वर्गाची पद्धत होती आणि ती रोज उभी राहत होती. सुट्टी संपली तेव्हा मी तिला पाठवलं नाही. घरी ती एकटी राहणार नव्हती, म्हणून माझी नोकरीही सोडली. धाकटा तेव्हा चार वर्षांचा होता. मिस्टरांच्या बँकेतल्या पगारावर घर चालेल की नाही याचा हिशेब आम्ही दोघांनी तीन रात्री बसून केला होता.

फळा लावल्यावर तिसऱ्या आठवड्यात, सोमवारी सकाळी पावणेआठला, तिनं पुन्हा पोट धरलं. आमच्याच घरात, माझ्याच फळ्यासमोर. आता बोट दाखवायला शाळा उरली नव्हती.

फळा उतरवून मी पलंगाखाली सरकवला. पुढचे दोन महिने धडा असा घेतला नाही. ती जे करत होती ते करू दिलं आणि रात्री भांडी आवरल्यावर दोनशेपानी वहीत लिहू लागले. लिहिण्याचा नियम एकच ठेवला. मी काय शिकवलं ते लिहायचं नाही. तिनं काय केलं, कुठे अडली, काय विचारलं, एवढंच लिहायचं. आज माझ्याकडे अशा एकतीस वह्या आहेत. घरशाळेबद्दल मला जे काही सांगता येतं ते सगळं त्या वह्यांतून आलेलं आहे, कुठल्या पुस्तकातून नाही.

सगळ्यात जास्त दुखावले गेले माझे सासरे, अण्णा. सातारा हे कर्मवीरांचं गाव. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली काले इथे रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ साली ती साताऱ्यात आणली. त्या संस्थेच्या वसतिगृहात राहून, सकाळी काम आणि मग वर्ग असं करत अण्णा शिकले. त्यांच्या घरातले शाळेत गेलेले ते पहिले. ते मला एवढंच म्हणाले, “शाळा मिळावी म्हणून आम्ही अनवाणी चाललो, आणि तू हातातली शाळा सोडतेस?” मी उत्तर दिलं नाही. त्यांचं दुःख खरं होतं. माझ्या मुलीचं पोटही खरं दुखत होतं. दोन्ही एकाच घरात होतं आणि त्यातलं एकही खोटं पाडायची मला गरज वाटली नाही. दोन महिने अण्णा या विषयावर माझ्याशी बोलले नाहीत.

जानेवारीतल्या नोंदी मी आजही उघडून बघते. “पंचवीस सांगितलं, ५२ लिहिलं. खोडलं. पुन्हा ५२.” दोन दिवसांनी, “सदतीस, ७३. चौऱ्याण्णव, ४९. एकोणऐंशी, ८१.” शाळेत याच चुकांवर ‘लक्ष नाही’ असा शेरा मिळत असे, आणि शिक्षिका म्हणून मीही तोच दिला असता. पण त्याच पानांवर दुसऱ्या नोंदी होत्या. “पुस्तकाचा पान क्रमांक वाचला, ४६, शेहेचाळीस, बरोबर.” “दुकानातल्या पाटीवरचे ३८ रुपये बरोबर वाचले.” वीसेक दिवसांच्या नोंदी एकाखाली एक वाचल्या तेव्हा उलगडलं. पाहून वाचलं की बरोबर, ऐकून लिहिलं की उलट. कान पंचवीसमधला ‘पंच’ आधी ऐकतो, हात डावीकडून लिहायला लागतो आणि पाच आधी उमटतो. मराठीत एकक आधी बोलतात आणि दशक आधी लिहितात. ही पोर जे ऐकत होती ते इमानानं लिहीत होती. नऊ वर्षं गणित शिकवूनही हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं, कारण माझ्या वर्गात येणारी मुलं ही खिंड ओलांडून आलेली असत. जी ओलांडू शकली नाहीत ती माझ्यापर्यंत पोचतच नव्हती.

मग खराट्याचे हीर घेतले. दहा-दहाच्या जुड्या बांधल्या, रबर लावून. पंचवीस म्हणजे दोन जुड्या आणि पाच सुटे. आधी जुड्या मांडायच्या, मग सुटे. ‘वीस आणि पाच’ म्हणायचं, लिहायचं आणि मग त्याचं नाव घ्यायचं, पंचवीस. एकोणतीसला मी तिच्यापुढे तीन जुड्या ठेवल्या आणि म्हटलं, “तीसला एक उणा कर.” तिनं एका जुडीचा रबर सोडवला, एक हीर काढून माझ्या हातात दिला आणि उरलेल्यांकडे बघत बसली. दोन जुड्या, नऊ सुटे. बराच वेळ बसली होती. मग एकोणचाळीस, एकोणपन्नास असं करत करत पुढे गेली आणि विचारलं, “मग नव्व्याण्णवला एकोणशंभर का नाही म्हणत?” मला उत्तर येत नव्हतं. “मला माहीत नाही,” असं मी सांगितलं आणि त्या रात्री तो प्रश्न वहीत लाल शाईनं लिहिला. या मुलीला आकडे कळत नाहीत असं पुन्हा कधी माझ्या मनात आलं नाही.

अण्णा हे सगळं आरामखुर्चीतून ऐकत होते. एके दिवशी ते उठून सतरंजीवर येऊन बसले आणि म्हणाले, “जुड्यांचं झालं असेल तर आता पावाचं बघू.” त्यांना पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी सगळी पाठ होती. माझ्या पिढीनं हे पाढे टाकून दिले. त्यांनी पोळीचे चार तुकडे करून पावकी सुरू केली. चार पाव म्हणजे एक पोळी, सहा पाव म्हणजे दीड. दीड महिन्यात पोरगी ‘तीन दीड साडेचार’ असं सहज म्हणू लागली. पुढे अपूर्णांकांचा धडा आला तेव्हा माझ्या दहावीच्या मुलांना घाम फुटायचा त्या गोष्टी ती दुधाच्या हिशेबात बोटांवर करत होती. अण्णांनी शाळेचा विषय पुन्हा काढला नाही. वेळ मात्र त्यांनी ठरवली, रोज दुपारी चार ते पाच. ती त्यांनी एक दिवसही चुकवली नाही.

२०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस पाच’, ‘साठ तीन’ असं संख्यावाचन आलं आणि महाराष्ट्रभर गदारोळ झाला. भाषा बिघडवली म्हणून टीका झाली. पुस्तकामागच्या समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर होत्या. त्या शांतपणे सांगत होत्या की जुनी नावं काढलेली नाहीत, जोडीला सोपी वाट दिली आहे. पंचवीस, एकोणऐंशी ही नावं मला फार प्रिय आहेत, ती जाऊ नयेत असंच मला वाटतं. पण त्या वादात मी नारळीकरांच्या बाजूची होते आणि आजही आहे. माझ्या मुलीची ती पानं मी पाहिलेली होती.

घरी शिकवणाऱ्या आयांना मी वहीचा दुसरा उपयोग सांगते, तो स्वतःसाठीचा. पहिल्या वर्षात आमची भांडणं व्हायची. मी ओरडायचे, ती रडायची, मग मी रडायचे. तेही मी लिहीत गेले, वेळेसकट. एप्रिलमध्ये मागे वळून पाहिलं तर बहुतेक भांडणं साडेअकरा ते साडेबाराच्या मधली होती. त्या वेळी कुकर गॅसवर असायचा, धाकटा भुकेला असायचा आणि मी एका डोळ्यानं तिच्या वहीकडे बघत असायचे. मुलीचा त्यात काही संबंध नव्हता. गणित सकाळी नऊला आणलं, साडेदहानंतर पुस्तक मिटायचं ठरवलं. एकट्या मुलाला शिकवताना रोजचे दीड-दोन तास मनापासून झाले तर पुष्कळ होतात. शाळेत पाच तास लागतात कारण तिथे एका बाईंना चाळीस मुलांकडे बघायचं असतं. उरलेल्या दिवसाची काळजी करू नये. उरलेल्या दिवसात मुलीनं संगम माहुलीला कृष्णा आणि वेण्णेचं पाणी वेगवेगळ्या बाटल्यांत भरून आणून गाळ खाली बसायला किती वेळ लागतो ते पाहिलं, कासच्या पठारावर सप्टेंबरात फुलं मोजली आणि नगरवाचनालयातलं बालविभागाचं कपाट संपवलं.

धाकट्याचं वेगळंच. तो शाळेत गेलाच नाही. सहा संपून सातवं लागलं तरी तो वाचेना आणि तेव्हा माझा धीर सुटायला आला होता. त्याच सुमारास फलटणला प्रगत शिक्षण संस्थेत जाऊन आले. मॅक्सीन बर्नसन या अमेरिकेत जन्मलेल्या भाषातज्ज्ञ बाईंनी फलटणला घर केलं आणि मराठी मुलांनी वाचायला कसं शिकावं यावर आयुष्य घातलं. तिथली रीत मला पटली. क पासून ज्ञ पर्यंतची रांग एकदम द्यायची नाही. थोडी अक्षरं आणि काना-मात्रा हातात द्यायचे आणि मुलानं लगेच त्यातून शब्द करायचे, बोलायचे, लिहायचे. घरी येऊन आम्ही म, र, क, ल आणि काना, मात्रा एवढ्यावर सुरू केलं. दोन महिन्यांनी सातारा स्टँडवर एसटीची वाट बघत उभे होतो. तो समोरच्या गाडीच्या पाटीकडे बघून पुटपुटायला लागला. “मे… मे…” पुढचं अक्षर आम्ही शिकलोच नव्हतो. त्यानं माझा हात ओढला. “आई, ही मेढ्याची गाडी आहे. म्हणजे तो ढ आहे!” आमची गाडी लागली, सुटली, आम्ही तिथेच. वाई, कोरेगाव, पाटण करत तो फलाटावरच्या सगळ्या पाट्या वाचत फिरला आणि मी त्याच्या मागून.

‘मुलं चारचौघांत मिसळणार कशी’ हा प्रश्न मला शंभरदा विचारला गेला आहे. तो विचारणाऱ्यांवर मी पूर्वी चिडायचे, आता चिडत नाही. संध्याकाळी मैदानावर खो-खो होता, गल्ली होती, आतेमामे भावंडं होती. लहानपणी तेवढं पुरलं. पण बारावं लागल्यावर मुलगी रोज साडेपाचला खिडकीत उभी राहायला लागली. त्या वेळी रस्त्यावरून गणवेशातल्या मुली घोळक्यानं घरी जायच्या. वहीत सलग अकरा दिवस ‘खिडकी’ एवढीच नोंद आहे. बाराव्या दिवशी मी तिला विचारलं आणि ती म्हणाली, “मला एकदा जाऊन बघायचंय.” जून २०१९ मध्ये तिला सातवीत घातलं. शिक्षणहक्क कायद्याच्या चौथ्या कलमात शाळेबाहेरच्या मुलाला वयाप्रमाणे वर्ग द्यावा असं आहे. मुख्याध्यापक बाईंना ते माहीत होतं, त्यांनी अडवलं नाही. तिला तिथे दोन जिवाभावाच्या मैत्रिणी मिळाल्या. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि पुढे घरीच शिकायचं तिनं स्वतः ठरवलं. मैत्रिणी टिकल्या. तिला जाऊ दिलं नसतं तर त्या खिडकीबद्दल मी स्वतःला माफ केलं नसतं.

कायद्याचं आणि परीक्षेचं सगळे पालक घाबरत विचारतात, म्हणून स्पष्ट सांगते. २००९ चा शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. सहा ते चौदा वयाचं मूल जवळच्या शाळेत घालणं हे त्याच्या दहाव्या कलमानं पालकाचं कर्तव्य ठरवलं आहे. घरी शिकवण्याचा त्यात उल्लेख नाही आणि न घालणाऱ्या पालकाला शिक्षाही सांगितलेली नाही. म्हणजे जमीन पक्की नाही, हे डोळे उघडे ठेवून मान्य करूनच पाऊल टाकावं. आमच्याकडे एकदा शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणासाठी जिल्हा परिषदेचे दोन शिक्षक आले होते. मी वाद घातला नाही. चहा ठेवला आणि वह्या पुढे केल्या. त्यातल्या एका सरांनी तासभर वाचलं आणि जाताना जुड्यांचं पान मोबाइलवर फोटो काढून नेलं, त्यांच्या वर्गासाठी.

शाळेतून काढताना दाखला घ्या आणि नाव, जन्मतारीख, आईचं नाव आधार कार्डाशी अक्षरन् अक्षर जुळतं का ते तिथल्या तिथे बघा. दहावीला दोन-तीन वाटा आहेत. राज्य मंडळाला १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसता येतं. राज्याच्या मुक्त विद्यालयात पाचवी, आठवी, दहावीच्या पातळीच्या परीक्षा आहेत. आणि एनआयओएस, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था. तिथे चौदा वर्षं पूर्ण लागतात, पाच विषय घ्यायचे, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर अशा दोन परीक्षा. पाच वर्षांत नऊ संधी मिळतात आणि विषय एकेक करूनही सोडवता येतात. मुलीनं हीच वाट घेतली. एप्रिल २०२२ मध्ये मराठी, इंग्रजी आणि गृहविज्ञान दिलं, ऑक्टोबरात गणित आणि चित्रकला. चूक माझी झाली ती विषय निवडताना. तिच्या आवडीनं घेतले, पुढचा विचार केला नाही. निकाल लागल्यावर ती म्हणाली, मला अकरावीला सायन्स हवंय. विज्ञान जादा विषय म्हणून घेता आला, पण त्यात एक वर्ष गेलं. ते वर्ष माझ्या निष्काळजीपणानं गेलं. म्हणून आता येईल त्या पालकाला आधी अकरावीचं विचारते आणि मग दहावीच्या विषयांकडे येते.

आता रविवारी सकाळी माझ्याकडे पालक येतात. कुणी कराडहून, कुणी वाईहून. सगळ्यांना मी हो म्हणत नाही. दोघंही दिवसभर कामावर असतील आणि घरात दुसरं मोठं माणूस नसेल तर मी सरळ सांगते की मुलाला चांगल्या शाळेत ठेवा, आपल्या जिल्हा परिषदेच्या कितीतरी शाळा उत्तम आहेत, तिथे जाऊन बघा. सातवीतल्या मुलाला शाळेतून काढून दिवसभर प्रवेशपरीक्षेच्या क्लासला बसवायचं असेल तर त्यांना मी मदत करत नाही. त्या मुलाची शाळाही जाते आणि घरही जातं.

बाकीच्यांना मी कोरी वही देते. पंधरा दिवस काही शिकवू नका, रात्री फक्त लिहा, आणि पंधरा दिवसांनी वही घेऊन या.

गेल्या महिन्यात एक ताई वही घेऊन आल्या. मुलगा दहा वर्षांचा, शाळेत ‘मंद’ असा शिक्का बसलेला. त्या रडवेल्या होत्या. “ताई, लिहिण्यासारखं काही नाहीच. दिवसभर काही करत नाही तो.” मी वही चाळली. खरंच, पानापानावर तेच होतं. काही केलं नाही. टीव्ही. काही केलं नाही. नवव्या दिवशी मात्र एक ओळ जास्त होती. “काही केलं नाही. दुपारी तीन तास कुलूप घेऊन बसला होता.”

“कुठलं कुलूप?” मी विचारलं.

त्यांना माहीत नव्हतं. माळ्यावरचं काहीतरी जुनं असेल म्हणाल्या. मी म्हटलं, विचारा ना. त्यांनी तिथूनच घरी फोन लावला, स्पीकरवर. पलीकडून पोराचा आवाज आला, आधी घाबरलेला, तुटक. पितळी आहे. पणजोबांच्या पेटीचं. किल्ली हरवलीय. मग जरा थांबून म्हणाला, आत तीन पट्ट्या आहेत, आई, दोन दबतात, तिसरी दबत नाही, कारण तिच्यामागे स्प्रिंग आहे, मी सायकलच्या तारेची एक किल्ली केलीय पण ती जाड होते, म्हणून मी ती पायरीवर घासतोय. आवाज मोकळा होत चालला होता. ताईंनी हातानं खूण करून माझ्याकडे पेन मागितलं आणि फोन टेबलावर ठेवून त्या वहीत उतरवून घेऊ लागल्या.